कुंभ, कावेरी आणि ‘पूर्ववत’ ही कल्पना

तमिळनाडूतील कुंभकोणम् या नगरीच्या नावामागे एक प्रलयकथा आहे. सृष्टीचा लय जवळ आला हे जाणून ब्रह्मदेवाने अमृत आणि सृष्टीची बीजे एका कुंभात भरली. तो कुंभ प्रलयजलावर तरंगत दक्षिणेकडे आला आणि पाणी ओसरल्यावर या भूमीवर टेकला. किरातरूपातील शिवाने बाण मारून तो फोडला. अमृत सांडले, त्यातून तीर्थे झाली. वाळू आणि अमृत यांच्या मिश्रणातून आदि कुंभेश्वराचे लिंग घडले. दर बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहम् उत्सवात लक्षावधी भाविक ज्या तलावात स्नान करतात, त्या तलावाचे माहात्म्यही याच कथेशी जोडलेले आहे. मागील महामहम् २०१६ मध्ये झाला. पुढील २०२८ मध्ये येईल.

स्थलपुराणे सामान्यतः स्थळाचा महिमा वाढविण्यासाठी रचली जातात आणि समीक्षेने त्यांच्याकडे फारसे लक्ष देण्याचे कारण नाही, असा एक समज आहे. या कथेच्या बाबतीत मात्र तो समज बाजूला ठेवावा लागतो. प्रलयानंतर जीवसृष्टी पुन्हा कशी उभी राहते, या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर विलक्षण नेमके आहे. बीज टिकले पाहिजे, ही पहिली अट. ते ज्या पात्रात टिकले ते पात्र योग्य जागी आणि योग्य वेळी फुटले पाहिजे, ही दुसरी. कुंभ अखंड राहिला असता तर बीजे सुरक्षित राहिली असती, पण सृष्टी झाली नसती. शिवाय कुंभातून बाहेर आलेली सृष्टी प्रलयापूर्वीच्या सृष्टीची प्रतिकृती होती, असे ही कथा कोठेही सांगत नाही. मोडल्यानंतर जे उभे राहते ते पूर्ववत असते का, आणि तसे ते असावे अशी अपेक्षा तरी करावी का, हा प्रश्न तिच्या पोटात आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील निसर्ग, तेथील साहित्य आणि तेथे रुजलेला एक मराठी भाषिक समाज, या तिघांच्याही आकलनात तो प्रश्न कळीचा ठरतो.

निसर्गविज्ञानात या प्रश्नाला शंभरहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. १८८३ मध्ये क्राकाटाऊ बेटावर ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि तेथील वनस्पतिजीवन राखेखाली गाडले गेले. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, डच वनस्पतिशास्त्रज्ञ मेल्किओर ट्रॉयब यांना त्या राखेवर नीलहरित शैवालाचा थर आणि नेचे वाढलेले आढळले. वारा, समुद्र आणि पक्षी यांनी बीजे आणली. पुढे गवत आले, मग झुडपे आणि वृक्ष. एका समुदायाने जागा तयार करावी आणि दुसऱ्याने ती घ्यावी, या क्रमाला वनस्पतिशास्त्र ‘अनुक्रमण’ म्हणते. अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये या प्रक्रियेचा भव्य सिद्धान्त मांडला. वनस्पतिसमुदाय हा जणू एक सजीव देह आहे. तो जन्मतो, वाढतो, प्रौढ होतो आणि हवामानाने ठरवून दिलेल्या चरमावस्थेला पोचतो. विक्षोभ आला तर तो मागे ढकलला जातो, पण त्याच वाटेने पुन्हा त्याच चरमावस्थेकडे येतो. दहा वर्षांनी, १९२६ मध्ये, हेन्री ग्लीसन यांनी या मांडणीला छेद दिला. प्रत्येक जाती स्वतःच्या गरजेनुसार आणि संधीनुसार येते. समुदाय म्हणजे अशा स्वतंत्र आगमनांचा तात्पुरता मेळ होय, असे त्यांचे म्हणणे होते. प्रारंभी उपेक्षिला गेलेला ग्लीसन यांचा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अधिकाधिक ग्राह्य ठरत गेला.

हा वाद केवळ वनस्पतिशास्त्राचा नाही. क्लेमेंट्स यांच्या सिद्धान्ताला एक कथनरूप आहे, आणि ते साहित्याच्या वाचकाला चांगलेच परिचित आहे. सुस्थिती, संकट, पडझड आणि अखेरीस सुस्थितीची पुनःस्थापना हा पुराणकथांचा, लोककथांचा आणि पुष्कळशा कादंबऱ्यांचाही आराखडा आहे. ग्लीसन यांच्या मांडणीत असे सुबक कथानक नाही. कोण आधी पोचले, कोणाचे बी जवळ होते, कोणते वर्ष ओले गेले, अशा योगायोगांवर पुढचे सारे अवलंबून राहते. साहित्यकृती विक्षोभानंतरच्या जगाकडे पाहताना यांपैकी कोणते कथानक स्वीकारते, हे तपासणे म्हणूनच समीक्षेचे काम ठरते.

कुंभकोणम् कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मध्ये वसले आहे. या भूमीचे स्वास्थ्यच विक्षोभावर पोसलेले आहे. पूर येणे, गाळ पसरणे, काठ ढासळणे, नवी वाळूची बेटे वर येणे आणि त्यांवर प्रथम काशासारखी गवते व मागून झुडपे उगवणे हा येथील नित्यक्रम होता. नदीचे पाणी चढण्याचा दिवस येथे सण म्हणून साजरा होतो. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या आरंभी, कुटुंबेच्या कुटुंबे चित्रान्नांचे डबे घेऊन घाटावर जातात आणि चढत्या नदीची पूजा करतात. पूर म्हणजे संकट, ही व्याख्या या सणाला मान्य नाही. काठावरच्या वृक्षांतही तीच साक्ष मिळते. कुंभकोणम्-जवळच्या तिरुविडैमरुदूर या क्षेत्राचा स्थलवृक्ष मरुदम्, म्हणजे मराठीतील अर्जुनसादडा. ओल्या काठावर मुळे रोवून राहणारा हा वृक्ष पुरासह जगण्याची रीत जाणतो.

विसाव्या शतकात या नित्यक्रमात मूलभूत बदल झाला. जुलै १९२४ मध्ये कावेरीला आलेल्या महापुराची आठवण या प्रदेशात दीर्घकाळ राहिली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९३४ मध्ये, मेट्टूरचे धरण पूर्ण झाले. त्याची पूर्ण जलपातळी १२० फूट आणि साठवण सुमारे ९३.५ अब्ज घनफूट आहे. १२ जून ही त्याचे दरवाजे उघडण्याची प्रथागत तारीख ठरली आणि कुरुवै भाताचे वेळापत्रक तिच्याशी बांधले गेले. धरणामुळे सिंचन वाढले, ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु गाळ जलाशयात अडकू लागला आणि पुराची लय माणसाच्या हाती आली. नेहमीचा विक्षोभ नाहीसा होणे हाही एक विक्षोभच असतो, ही गोष्ट ध्यानात यायला पुढची काही दशके जावी लागली. पाण्याच्या वाटणीचा वाद वाढून १९९० मध्ये लवाद स्थापन झाला. त्याचा अंतिम निवाडा २००७ मध्ये आला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय फेब्रुवारी २०१८ मध्ये. ज्या वर्षी पाणी उशिरा येते किंवा येतच नाही, त्या वर्षी कोरड्या पात्रांत आणि पडीक शेतांत वेडी बाभूळ पसरते. साचलेल्या पाण्यात जलपर्णी माजते. दोन्ही वनस्पती परक्या खंडातून आलेल्या आहेत. रिकामी जागा दिसताच ती घेण्याची त्यांची क्षमता ग्लीसन यांच्या मताला पुष्टी देणारी आहे. येथे पुनरुज्जीवन होते, पण ते ज्याचे व्हावे असे वाटत असते त्याचे होत नाही.

२०१६ ते २०१८ या तीन वर्षांत या प्रदेशाने जणू साऱ्या विक्षोभांची परीक्षा दिली. २०१६ चा ईशान्य मोसमी पाऊस फसला आणि जानेवारी २०१७ मध्ये राज्यभर दुष्काळ जाहीर झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये कावेरीला इतके पाणी आले की तिरुचिरापल्लीजवळ मुक्कोम्बू येथे कोळ्ळिडमवरील जुन्या बंधाऱ्याचे नऊ दरवाजे वाहून गेले. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरच्या पहाटे ‘गाजा’ चक्रीवादळ वेदारण्यम्-जवळ किनाऱ्याला धडकले आणि त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिण भागातील नारळाच्या बागा आडव्या झाल्या. कोरड, पूर आणि वारा या तिन्ही आघातांनंतरची हिरवळ दिसायला सारखीच असते. तिच्या मागची गोष्ट मात्र तीन प्रकारची असते. भात एका हंगामात परत येते. नारळाला फळ धरायला कित्येक वर्षे लागतात. नदीच्या तळाची वाळू एकदा उपसली गेली की ती कोणत्याही हंगामात परत येत नाही.

त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिण टोकाला मुत्तुपेट्टै येथे खारफुटीचे विस्तीर्ण वन आहे. त्यात तिवराचे प्राबल्य आहे. पूर्वनिश्चित पुनर्प्राप्तीच्या कथानकाला या वनाने दिलेले उत्तर विशेष बोलके आहे. ब्रिटिश अमदानीत आखलेल्या आणि पुढेही चालू राहिलेल्या पद्धतीनुसार या वनाचे पट्टे आळीपाळीने पूर्ण तोडले जात. तोडलेला पट्टा काही वर्षांत आपोआप पूर्ववत होईल, असे गृहीत त्यामागे होते. ते चुकीचे ठरले. झाडे गेल्यावर उघड्या चिखलातील पाणी वाळले, गाळ खचला आणि जमिनीला बशीसारखा आकार आला. भरतीचे पाणी त्यात शिरे, पण ओहोटीबरोबर बाहेर पडत नसे. ते तेथेच आटून क्षार वाढत गेले. खाऱ्या पाण्यात जगण्यासाठीच घडलेल्या तिवरालाही ते क्षार सोसेनात. शेजारी उभ्या असलेल्या वनातून बी येत होते; ते रुजत नव्हते. विक्षोभ संपला होता, पण त्याने मागे ठेवलेली स्थिती स्वतःच टिकून राहणारी झाली होती. कॅनेडियन शास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ मध्ये दाखविले होते की एखादी परिसंस्था ठरावीक मर्यादेपलीकडे ढकलली गेली की ती मूळ जागी न येता दुसऱ्याच स्थिर अवस्थेत जाऊन बसते. मुत्तुपेट्टैची ओसाड खाजणे हे त्याचे प्रत्यक्ष उदाहरण होय.

१९८८ मध्ये स्थापन झालेल्या एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठानाने १९९० च्या दशकात वनखाते आणि स्थानिक गावकरी यांच्या सहभागाने येथे जो उपाय केला, तो साधा होता. माशाच्या काट्यासारखे चर खणून भरती-ओहोटीला पुन्हा वाट करून देण्यात आली. पाणी खेळू लागले, क्षार धुपले, आणि मग चरांच्या काठाने तिवर रुजले. आधी प्रवाह आणि मग बी, हा या प्रयोगाचा धडा आहे. २०१८ च्या वादळाने याच वनाची मोठी हानी केली, हेही येथे नोंदविले पाहिजे. पुनरुज्जीवन ही एकदाच मिळवून ठेवायची वस्तू नाही. तिचे रक्षण करायचे म्हणजे प्रवाहाच्या वाटा पुनःपुन्हा मोकळ्या ठेवायच्या.

एवढी पार्श्वभूमी लक्षात घेतल्यावर या प्रदेशाच्या साहित्याकडे वळले तर एक आश्चर्यकारक गोष्ट आढळते. विक्षोभाने बदललेल्या भूमीचा विचार तमिळ काव्यशास्त्राने फार प्राचीन काळी केला आहे. संगमकालीन अकम् कवितेत भूमीचे पाच प्रकार मानले जातात, त्यांना ‘तिणै’ म्हणतात. डोंगराळ भूमी कुरिंजी, कुरणे आणि वने मुल्लै, शेतीची भूमी मरुदम्, किनारा नेय्दल् आणि वैराण भूमी पालै. प्रत्येक तिणैला तिचे वृक्ष, पक्षी, देवता आणि व्यवसाय आहेत. त्याचबरोबर एक प्रेमावस्थाही आहे. मीलन, प्रतीक्षा, रुसवा, व्याकुळता आणि विरह अशी ही वाटणी आहे. निसर्ग येथे भावनेची केवळ पार्श्वभूमी नाही; समुदायाची रचना आणि मनाची अवस्था यांचा एकत्र विचार आहे. या व्यवस्थेतील पालैचे स्थान असाधारण आहे. ‘शिलप्पदिकारम्’मध्ये इळंगो अडिगळ यांनी मदुरैच्या वाटेचे वर्णन करताना सांगितले आहे की मुल्लै आणि कुरिंजी या भूमी उन्हाने होरपळून आपला स्वभाव हरवतात, तेव्हा त्या पालैचे रूप घेतात. पालै ही मूळची भूमी नाही. ती दुसऱ्या भूमीची विक्षुब्ध अवस्था आहे. एखाद्या काव्यपरंपरेने भूप्रकारांच्या वर्गीकरणातच विक्षोभाला घर द्यावे आणि त्याच्याशी विरह जोडावा, हे सौंदर्यशास्त्रीय शहाणपण दुर्मिळ आहे.

मात्र या सिद्धान्ताची मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे. शास्त्रीय तिणैकल्पनेत पालै ही ऋतूची अवस्था आहे. पाऊस आला की मुल्लै परत येते, आणि गेलेला प्रियकरही त्याच पावसाबरोबर येण्याचे वचन देऊन गेलेला असतो. ही रचना क्लेमेंट्स यांच्या कथानकाला जवळची आहे. उलट ‘मणिमेखलै’मध्ये शात्तनार यांनी सांगितलेली पुहार नगरीची कथा वेगळ्या वाटेने जाते. इंद्रोत्सव खंडित झाला आणि कावेरीच्या मुखावरील ते वैभवशाली बंदर समुद्राने गिळले. तेथे पूर्ववत होणे नाही. एकाच परंपरेतील या दोन महाकाव्यांनी दोन्ही शक्यता जपल्या आहेत: जी भूमी परत येते ती, आणि जी येत नाही ती. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने नागपट्टिणम् जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे नेली, तेव्हा पुहारची कथा अनेकांना पुन्हा आठवली असेल, तर त्यात नवल नाही.

आधुनिक तमिळ कथासाहित्याच्या घडणीत कुंभकोणम्‌चा वाटा मोठा आहे. न. पिच्चमूर्ती आणि कु. प. राजगोपालन हे ‘मणिक्कोडि’ पर्वाचे लेखक येथलेच. ‘कादुगळ्’ या कादंबरीसाठी १९९३ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळविणारे एम. व्ही. वेंकटराम येथील सौराष्ट्र विणकर समाजातले. परंतु नदी, नगर आणि मन यांचा एकत्र प्रत्यय देण्यात ति. जानकिरामन (१९२१–१९८२) यांचे नाव अग्रभागी येते. चिट्टी यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या ‘नडन्दाय् वाऴि कावेरि’ (१९७१) या प्रवासवर्णनाच्या शीर्षकातच ‘शिलप्पदिकारम्’चा प्रतिध्वनी आहे. ‘मोहमुळ्’ (ग्रंथरूपात १९६४) ही त्यांची कादंबरी कुंभकोणम्‌च्या गल्ल्यांतून आणि नदीकाठाने वाटचाल करते. मराठी वाचकाने तिच्याकडे वळण्याचे एक विशेष कारण आहे. तिची नायिका यमुना ही तमिळ ब्राह्मण जमीनदार आणि तंजावरी मराठी स्त्री पार्वतीबाई यांची मुलगी आहे.

या कादंबरीचे वाचन बहुधा बाबू या तरुणाच्या दहा वर्षांनी मोठ्या स्त्रीविषयीच्या ओढीची कथा म्हणून होते. शीर्षकातील मोहाचा काटा तिकडेच निर्देश करतो. तसे वाचन चुकीचे नाही, पण अपुरे आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर यमुना आणि पार्वतीबाई यांचा आधार तुटतो. मिश्र जन्मामुळे यमुनेची लग्ने मोडत जातात. मानाचे घर हळूहळू दारिद्र्यात उतरते. एका विक्षोभाने उघड्या पडलेल्या जमिनीवर काय उगवते आणि काय उगवत नाही, याचे हे धीमे, निर्दय निरीक्षण आहे. जानकिरामन हे पूर्ववत होण्याचे आश्वासन देत नाहीत. यमुनेला जुने घर मिळत नाही, जुना मानही मिळत नाही. जे मिळते ते उशिरा, वेगळ्या शहरात आणि वेगळ्या नात्याने मिळते. तिणैच्या भाषेत सांगायचे तर मरुदम् भूमीतली ही कथा पालैतून जाते आणि पुन्हा मरुदमात परतत नाही. ती अशा भूमीत पोचते जिला जुन्या काव्यशास्त्रात नाव नव्हते. कादंबरीचे मोठेपण या अनामिक भूमीचा स्वीकार करण्यात आहे.

तिची उणीवही त्याच ठिकाणी आहे. पार्वतीबाईंच्या रूपाने कादंबरीत आलेला मराठी वारसा बहुतांशी वर्ण, रूप आणि वेगळेपणा यांची खूण म्हणून राहतो. त्या समाजाची भाषा, तिच्यावर चढलेले तमिळ संस्कार आणि दोन शतकांच्या सहवासात तिने घेतलेले नवे वळण यांना कथेत पुरेसा अवकाश मिळत नाही. यमुनेचे सौंदर्य परके म्हणून दीप्तिमान होते, आणि ज्या मिश्रणातून ते आले ते मिश्रण मागे राहते. संकराचे फळ दिसते, संकराची प्रक्रिया दिसत नाही.

मराठी साहित्याशी तुलना केली तर ही चर्चा अधिक स्पष्ट होते. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळ येतो, मेंढरे मरतात, माणसे गाव सोडतात आणि कादंबरी ओस पडलेल्या वाडीपाशी थांबते. हा शेवट अत्यंत समर्थ आहे. परंतु त्यानंतर त्या माळावर आणि त्या माणसांत काय उगवले, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहतो. दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्र’ने (१९५६) मराठी निसर्गलेखनाला सूक्ष्म इंद्रियसंवेदना दिली, पण शीर्षकाने सुचविल्याप्रमाणे तिची मूळ आकृती चक्राची आहे, तेथे प्रत्येक मास परत येतो. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’त (१९९१) धरणाने उठविलेल्या माणसांच्या पुनर्वसनाचे विदारक चित्र आहे, आणि पुनर्वसन या शब्दातील ‘पुनः’ हा उपसर्ग किती पोकळ असू शकतो ते ती कादंबरी दाखविते. माडगूळकरांच्याच ‘सत्तांतर’मध्ये (१९८२) वानरांच्या टोळीतील सत्ता हिंसेने बदलते, टोळी टिकते, पण तिचे आतले नाते पूर्वीचे राहत नाही. या चार कृतींत विक्षोभानंतर समुदाय टिकतो आणि तरीही बदलतो, याचे सर्वांत थंड डोक्याने केलेले चित्रण ‘सत्तांतर’चेच आहे. माणसांविषयी इतक्या निर्मोहीपणे लिहिणे मराठी कादंबरीला अजून अवघड जाते.

मराठी प्रदेशातील निसर्गानेही या बाबतीत लेखकांना पुरेसे साहित्य पुरविले आहे. गोदावरीवर विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या नांदूर-मध्यमेश्वर बंधाऱ्यामागे गाळ साठला. अभियंत्याच्या दृष्टीने तो दोष होता. त्या गाळावर पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले, आणि २०२० मध्ये हे ठिकाण महाराष्ट्रातील पहिले रामसर पाणस्थळ झाले. त्रिभुज प्रदेशातील वडुवूरचा सिंचन तलावही असाच माणसाने केलेला. २०२२ मध्ये त्यालाही तोच दर्जा मिळाला. येथे ज्याचे रक्षण केले जात आहे ते आदिम नाही. ते विक्षोभाचे अपत्य आहे. मूळचे म्हणून मौल्यवान, या सूत्राने अशा स्थळांचे मोल करता येत नाही.

याच सूत्राने तंजावरच्या मराठीचे मोल केले जाते, ही मराठी समीक्षेची जुनी चूक आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी भोसले तंजावरात आले. शहाजीराजांच्या काळात तेथे मराठी नाटके लिहिली गेली. दुसऱ्या सरफोजींनी (कारकीर्द १७९८–१८३२) सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले आणि १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा मराठी इतिहास कोरविला. १८५५ मध्ये राजा शिवाजी निपुत्रिक वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. आश्रयाचे छत्र गेले. समाज मात्र राहिला. १८२८ मध्ये कुंभकोणम् येथे जन्मलेले सर टी. माधवराव पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाण झाले. घरात मराठी, बाहेर तमिळ आणि कारभारात इंग्रजी अशा तीन भाषांत वावरणारी ही माणसे होती. महाराष्ट्रातून या समाजाकडे पाहताना दोनच शब्द वापरले गेले: वैभव आणि अवशेष. त्यांची मराठी ऐकताना प्रमाण मराठीपासून ती किती ढळली, याची मोजदाद होते. तमिळ मातीत ती काय झाली, याची होत नाही. हे क्लेमेंट्स यांचे कथानक आहे. चरमावस्था पुण्यात ठरविलेली, आणि बाकी सारे तिच्यापासूनचे अंतर.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मानवी समाज म्हणजे वनस्पतिसमुदाय नव्हे. माणसे बीजासारखी वाहत येत नाहीत. ती निर्णय घेतात, सत्ता गाजवितात, आणि त्यांच्या येण्याने आधीच्या कोणाची तरी जागा जाते. तंजावरचे मराठी हे राज्यकर्ते म्हणून आले होते, ही गोष्ट अनुक्रमणाच्या निरागस उपमेत विरघळवून टाकता येणार नाही. बदल हा निसर्गाचा नियमच, असे म्हणून प्रत्येक नाशाचे समर्थन करण्याचा धोकाही या उपमेत आहे. कोरड्या पात्रातली वेडी बाभूळही हिरवी दिसते. म्हणून उपमेचा उपयोग निष्कर्षासाठी न करता प्रश्नासाठी करावा. मुत्तुपेट्टैच्या खाजणात विचारला गेलेला प्रश्न भाषेलाही विचारता येतो: बी शिल्लक आहे का, आणि प्रवाह चालू आहे का? सरस्वती महालातील मोडी कागदपत्रे आणि हस्तलिखिते म्हणजे जपलेले बी. पण ती वाचणारे डोळे, घरात बोलली जाणारी भाषा, तिच्यातून नव्याने लिहिण्याची आणि छापण्याची सोय, महाराष्ट्राशी आणि तमिळशी दोन्ही बाजूंनी देवाणघेवाण, हा प्रवाह आहे. प्रवाहाची वाट बुजली तर जवळ असलेले बीही रुजत नाही.

या दृष्टीने अकादमीसारख्या संस्थांच्या अनुवादकार्याकडेही नव्याने पाहता येईल. ‘मोहमुळ्’सारखी कृती मराठीत वाचली जाणे म्हणजे यमुनेला तिच्या आईची भाषा मिळणे, असे भावनेच्या भरात म्हणता येईल, परंतु ती मराठी कोणती, हा प्रश्न उरतोच. पार्वतीबाईंचे बोलणे प्रमाण मराठीत आले तर कादंबरीतील उणीव अधिकच खोल होईल. तंजावरी वळणाची मराठी त्या संवादांना देणे हे अनुवादकाला कठीण असले, तरी तेच कृतीला न्याय देणारे ठरेल. संकराची जी प्रक्रिया मूळ कादंबरीत झाकली गेली, ती अनुवादात उघड होण्याची शक्यता आहे. असे झाले तर तो अनुवाद मूळ कृतीच्या मागे चालणारा न राहता तिच्यानंतरचा टप्पा ठरेल.

कुंभाची कथा पुन्हा याच ठिकाणी आणते. कुंभकोणम्‌मध्ये पूजा होते ती वाळू आणि अमृत यांनी घडलेल्या लिंगाची. वाळू ही त्या काठाची, प्रलयाने मागे टाकलेली. अमृत दूरवरून वाहत आलेले. दोहोंपैकी एकानेच ते घडले नसते. विक्षोभानंतर उभ्या राहिलेल्या वनाचे, भाषेचे किंवा कादंबरीचे मूल्यमापन करताना त्यात जुन्यातले किती परत आले, एवढेच मोजले तर वाळूचा हिशेब राहून जातो. कावेरीच्या काठावरील साहित्याने हा हिशेब मांडायला सुरुवात केली आहे. मराठी समीक्षेला तो पुढे न्यायचा असेल, तर तंजावरचे नाव घेताना ‘अवशेष’ हा शब्द तिला प्रथम बाजूला ठेवावा लागेल.